स्वतःची वेबसाइट: डोमेनला पैसे द्या, बाकी फुकटात होतं

आधीच निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथूनच कामाला लागता येईल. छोट्या संस्थेची, दुकानाची, होमस्टेची नाहीतर स्वतःच्या लिखाणाची वेबसाइट करायची असेल तर पैसे फक्त एकाच गोष्टीला द्या, स्वतःच्या डोमेनला, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याला. बाकी सगळं, म्हणजे साइट ठेवायची जागा, टेम्प्लेट, मराठी फॉन्ट, फोटो, ते कुलपाचं एचटीटीपीएस, फॉर्म, फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं. आणि फुकटातलं नेमकं काय घ्यायचं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारते, उद्या ही सेवा बंद झाली तर माझ्या हातात काय उरेल?

हा प्रश्न उगाच नाही. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं आणि लोकांनी हौसेने केलेली लाखो पानं गेली, ती गोष्ट जुनी वाटेल, पण आत्ताचं बघा ना. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून दोन मिनिटांत फुकट वेबसाइट निघायची, बिझनेस डॉट साइट असा शेवट असायचा, आपल्याकडच्या कितीतरी छोट्या दुकानदारांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि पाटीवर छापला होता. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या, काही महिने तो पत्ता बिझनेस प्रोफाइलकडे वळवला आणि मग तेही थांबलं. फ्रीनॉम नावाची कंपनी डॉट टीके, डॉट एमएल असली डोमेनं फुकट वाटायची, २०२३ मध्ये तिने नवीन नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये या धंद्यातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ट्रिपल झिरो वेबहोस्ट, जिथे वेबसाइटसाठीची पीएचपी भाषा शिकणारी सगळी मुलं आपलं पहिलं प्रोजेक्ट टाकायची, तेही २०२४ मध्येच बंद झालं. म्हणजे कंपनी लहान असो की गूगलएवढी, फुकट दिलेली जागा ते कधीही काढून घेऊ शकतात आणि त्यात बेकायदा काही नाही. पण पत्ता आपला असेल तर सामान उचलून दुसरीकडे न्यायचं आणि पत्ता तोच ठेवायचा, वाचकाला कळतसुद्धा नाही.

मी हे सगळं बघितलं ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे सरकारमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग असतात, आमचं क वर्गातलं, त्यामुळे अनुदान आलं की पगार, वर्तमानपत्रं, पुस्तकखरेदी, वीजबिल यातच जातं आणि वेबसाइटला दरवर्षी दहा-पंधरा हजार देणं शक्यच नव्हतं. गरजा तशा साध्या होत्या, पुस्तकांची यादी, दिवाळी अंकांची यादी, वर्गणी किती, वेळ काय, व्याख्यानमालेचं वेळापत्रक आणि जुने फोटो. ऑनलाइन विक्री नाही, लॉगिन नाही. तुमचीही गरज अशीच असेल, आणि बहुतेकांची अशीच असते, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल.

डोमेनपासून सुरू करू. डॉट इन साधारण पाचशे-आठशे रुपये वर्षाला, डॉट कॉम हजार-बाराशेच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. विकणाऱ्या साइटवर पहिल्या वर्षाला ९९ रुपये वगैरे मोठ्या अक्षरात दिसतं, ते बघूच नका, खाली बारीक अक्षरात रिन्यूअलचा भाव असतो तो बघा, कारण दरवर्षी तोच द्यायचाय. शिवाय कार्टमध्ये ईमेल, साइट बिल्डर, सिक्युरिटी, एसएसएल असलं काय काय आपोआप टिक करून ठेवलेलं असतं, ते सगळं काढा. एसएसएलला, म्हणजे एचटीटीपीएसचं कुलूप लावणाऱ्या सर्टिफिकेटला, तर एक रुपयाही देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून सर्टिफिकेट फुकट देतेय, आणि मी खाली ज्या जागा सांगतेय त्या सगळ्या एचटीटीपीएस फुकटात देतात.

डोमेनबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे. हे मला कळकळीने सांगायचंय. एका संस्थेचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर होतं, तो नोकरीसाठी परदेशी गेला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या आयडीवर येत राहिले आणि डोमेन गेलं. तो मुलगा वाईट नव्हता हो, कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणून संस्थेचा वेगळा ईमेल काढा, पासवर्ड अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल मॅडम अशा तिघांकडे ठेवा, आणि जमलं तर एकदम तीन-पाच वर्षांचं घेऊन टाका, दहा वर्षांपर्यंत घेता येतं. देवनागरीतलं डॉट भारत पण मिळतं, २०१४ पासून आहे, आणि मराठीत स्वतःचा पत्ता असणं मला मनापासून आवडतं, पण बऱ्याच ठिकाणी कॉपी-पेस्ट केलं की ते एक्सएन आणि दोन डॅश अशा रोमन अक्षरांच्या जुडग्यात बदलतं, आणि काही फॉर्म ते स्वीकारतच नाहीत. म्हणून मुख्य पत्ता डॉट इन ठेवा, डॉट भारत सोबत घेऊन त्याच साइटवर वळवा.

आता जागा. कोडचं नाव काढलं तरी घाबरणाऱ्यांसाठी गूगल साइट्स. गूगल अकाउंट असलं की झालं, ओढून टाकायचं, टाइप करायचं, पब्लिश. गूगल शीट, कॅलेंडर, फॉर्म, नकाशा हे त्यात इतकं सहज बसतं की वाचनालयासारख्या संस्थेला अर्ध्या दिवसात कामाची साइट उभी राहते, यादी शीटमध्ये बदलली की साइटवरही बदलते. स्वतःचं डोमेन लावायला पैसे घेत नाहीत. कमी काय? फॉन्ट, ओळींमधलं अंतर, मांडणी यावर आपला ताबा फार कमी, आणि बाहेर पडायचं असेल तर टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून, पानं मिळतात खरी पण ती दुसरीकडे टाकून जशीच्या तशी चालतील ही अपेक्षा ठेवू नका. माझं मत, मजकूर मूळ गूगल डॉक्समध्ये आणि यादी शीटमध्ये ठेवणार असाल तर बिनधास्त वापरा, कारण मग साइट गेली तरी माल आपल्याकडेच असतो.

ब्लॉगरला आता कुणी फारसं विचारत नाही, पण मला तो अजूनही फार आवडतो. १९९९ पासूनचा आहे, २००३ मध्ये गूगलने घेतला, आणि मराठीत नेटवर लिहायची जी पहिली मोठी लाट आली ती बरीचशी तिथेच आली. सतत काहीतरी नवीन टाकणार असाल, कार्यक्रमाचा वृत्तांत, नवीन पुस्तकं, लेख, तर गूगल साइट्सपेक्षा हा बरा. डोमेन लावणं फुकट, जाहिराती आपण लावल्या तरच, टेम्प्लेटचं एचटीएमएल, म्हणजे पान ज्यात लिहिलेलं असतं तो कोड, पूर्ण उघडं मिळतं, आणि बॅकअपचं बटण दाबलं की सगळ्या पोस्ट एका फाइलमध्ये उतरतात, ती फाइल इंपोर्टर वापरून वर्डप्रेसमध्ये नेता येते. फोटो मात्र त्या फाइलमध्ये येत नाहीत, ते वेगळे जपा. आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट, पोस्टचं शीर्षक देवनागरीत दिलं की ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही आणि ब्लॉग-पोस्ट, ब्लॉग-पोस्ट-एक असले पत्ते तयार करतो. पब्लिश करायच्या आधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये जाऊन रोमनमध्ये छोटा अर्थपूर्ण पत्ता स्वतः टाका, नंतर बदलायला गेलात तर जुन्या लिंक तुटतात. थीम जुन्या वळणाच्या वाटतात हे खरंय, पण साधी थीम घेऊन फॉन्ट नीट लावला की छान दिसतं.

ज्यांना थोडं शिकायची तयारी आहे, किंवा घरात अकरावी-बारावीतली भाची-पुतण्या आहे, त्यांनी सरळ एचटीएमएलची साइट करून गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवावी. माझी पहिली पसंती हीच आणि आमच्या वाचनालयाची साइटही तिथेच आहे. कारण साइट म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर असतं, बस, तेच पेनड्राइव्हवर, तेच नेटवर, कुठलीही कंपनी बंद पडली तरी फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवायचं. गिटहब पेजेसवर साइट एक जीबीपर्यंत आणि महिन्याला शंभर जीबीपर्यंत ट्रॅफिक चालतं, गावच्या वाचनालयाला हे भरपूर झालं. फुकट खात्यात रिपॉझिटरी, म्हणजे साइटचं तिथलं फोल्डर, पब्लिक ठेवावी लागते, म्हणजे फाइली कुणालाही दिसतात, तेव्हा सभासदांचे फोन नंबर असलेली फाइल चुकूनही तिथे टाकू नका. आणि ऑनलाइन दुकान चालवायला ती जागा नाही, तसं त्यांच्या नियमांतच लिहिलंय. क्लाउडफ्लेअरवर अशा साध्या फाइलींच्या, म्हणजे स्टॅटिक, साइटला ट्रॅफिकची मर्यादा नाही, एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि फाइलींतले बदल नोंदवणारं गिट वगैरे शिकायचं नसेल तर फोल्डर ब्राउझरमध्ये ओढून टाकलं तरी साइट चालू होते.

वर्डप्रेसबद्दल सगळे विचारतात. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यात गोंधळ होतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची सेवा, तिच्या फुकट प्लॅनमध्ये स्वतःचं डोमेन लावता येत नाही आणि वाचकाला त्यांच्या जाहिराती दिसतात, म्हणून माझ्या प्रश्नावर ती तिथेच बाद. वर्डप्रेस डॉट ऑर्ग म्हणजे २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, मराठीतही आहे, उत्तम आहे, पण त्याला होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, विकत लागतं आणि मुख्य म्हणजे सांभाळणारा माणूस लागतो. अपडेट करायचे, प्लगइन बघायचे, बॅकअप घ्यायचे, हे कुणी करणार नसेल तर दोन वर्षांत साइट हॅक होऊन त्यावर भलत्याच जाहिराती लागतात, अशा शाळांच्या आणि पतसंस्थांच्या साइट तुम्हीही बघितल्या असतील. चार-पाच जण लिहिणारे असतील, रोज मजकूर असेल, तरच घ्या. विक्सची फुकट साइट दिसायला देखणी पण पत्ता त्यांचा, जाहिरात त्यांची आणि तिथली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, मी तरी नाही सुचवणार. एकाच पानाची साइट हवी असेल, समजा कॅटरर, गायनाचा क्लास, होमस्टे, तर कार्ड नावाची सेवा बघा, सी, ए, दोन आर आणि डी असं स्पेलिंग आहे, फुकटात तीन साइट करता येतात, डोमेन लावायला वर्षाचे १९ डॉलर पडतात आणि तेवढ्याला ते चांगलंच आहे.

आता मराठीचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे कुणी सांगत नाही आणि आपल्या साइट इथेच मार खातात. कुठलंही तयार टेम्प्लेट, एचटीएमएल फाइव्ह अप या साइटवरची सुंदर आहेत, फुकट आहेत, फक्त तळाला त्यांचं नाव ठेवायचं, पण ती इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये शीर्षकाच्या अक्षरांत मुद्दाम मोकळं अंतर टाकलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषाच तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, लेटर-स्पेसिंग शोधा आणि सगळीकडे शून्य करा. दुसरं, ओळीची उंची. आपल्याला वर वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीचं १.४ पुरत नाही, १.७ तरी ठेवा. तिसरं, तिरपी अक्षरं. देवनागरी फॉन्टला बहुतेक वेळा खरं इटॅलिक नसतंच, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरपं करतो आणि ते वाईट दिसतं, जोर द्यायचा तर ठळक करा.

फॉन्टच्या बाबतीत मात्र आपण खरंच श्रीमंत आहोत. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्ता आहे, सात जाडींमध्ये, स्वच्छ, मोबाइलवर बारीक अक्षरातही वाचता येतो, माझा रोजचा तोच. शीर्षकाला त्यांचाच बलू घ्या, गुबगुबीत आणि हसरा आहे, बालविभागाला तर फारच शोभतो. यात्रा वन हा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, मोठ्या अक्षरात बघा, ओळखीचा वाटतो लगेच. लांब लेख वाचायला टिरो देवनागरी मराठी, छापील पुस्तकासारखं वळण आहे आणि ल आणि श आपल्या मराठी पद्धतीचे आहेत. हे ल आणि श चं प्रकरण नीट समजून घ्या, हिंदी वळणाचा ल आणि आपला ल वेगळा असतो, आणि काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार आत भरलेले असतात, नोटो सान्स देवनागरीत आहेत, पण पान मराठीत आहे हे ब्राउझरला कळलं तरच तो मराठी आकार काढतो. त्यासाठी पानाच्या अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग च्या पुढे एमआर लिहायचं, एवढंच. टेम्प्लेटमध्ये तिथे ईएन असतं आणि कुणी बदलत नाही. याचा अजून एक फायदा, दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर पान मराठी आवाजात वाचू शकतं.

फॉन्ट निवडताना मी एक ओळ टाकून बघते, 'साताऱ्याच्या दऱ्याखोऱ्यांतली शाळा, ॲप, लक्ष्मी, शहाळं'. दऱ्यामधला तो अर्धा र नीट आला, ॲ च्या जागी चौकोन आला नाही, ल आणि श आपले दिसले, ळ सुबक असला, तर फॉन्ट पास. आणि चार-पाच जाड्या लावू नका, जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते, साधी आणि ठळक अशा दोन बास, नाहीतर खेड्यात नेटवर्कच्या एका काडीवर पान उघडायला वेळ लागतो.

जुना मजकूर नेटवर आणणं हे खरं कष्टाचं काम. आमच्या स्मरणिका प्रेसमध्ये श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या, त्या फाइली कॉपी करून साइटवर टाकल्या की अगम्य चिन्हं येतात, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, नसतं. नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, ऐंशी-नव्वद टक्के काम होतं पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. छापील कागदच असेल तर स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्सने उघडा, मराठी छपाई ते चांगली वाचतं. हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवहीला मात्र त्याचा उपयोग होत नाही, ती आमच्या दोन सभासद ताईंनी मोबाइलवर मराठी व्हॉइस टायपिंगने शीटमध्ये उतरवली, एक वाचायची आणि दुसरी तपासायची, फार देखणं काम झालंय ते. यादीत शोधताना एक अडचण येते, तो दऱ्यामधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतीने टाइप होतो, दिसायला अगदी सारखा पण कॉम्प्युटरला वेगळा, मग पुस्तक यादीत असूनही शोधात सापडत नाही. शीटमध्ये फाइंड अँड रिप्लेसने सगळीकडे एकच पद्धत करून घ्या.

फोटोंसाठी स्क्वूश ही गूगलची साइट, ब्राउझरमध्येच चालते, फोटो कुठे अपलोड होत नाही, मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो दीड-दोनशे केबीवर येतो आणि फरक डोळ्याला दिसत नाही. आपले स्वतःचे फोटोच वापरा, अनस्प्लॅश-पेक्सेल्सवर फुकट फोटो ढिगाने आहेत पण त्यात परदेशी लायब्ररी आणि परदेशी माणसं, आपल्या वाचनालयात ती कशाला? गड, मंदिरं, जुन्या व्यक्तींचे फोटो हवे असतील तर विकिमीडिया कॉमन्स, प्रत्येक फोटोखाली परवाना काय आणि नाव कुणाचं द्यायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं पाळा.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. केंद्र सरकारच्या पैशातून उभा राहिलेला प्रकल्प आहे, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, कितीतरी मराठीत, बाजूला व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, तेच स्वतः करून बघायचं. फोटोंसाठी गिंप, चित्रांसाठी इंकस्केप, ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस, सगळं आहे. व्हिडिओंना झगमगाट नाही, आवाज शाळेतल्या बाईंसारखा संथ, पण नवशिक्याला तेच बरं पडतं. इंग्रजी जमत असेल तर वेबच्या माहितीसाठी मोझिलाचं एमडीएन सगळ्यात विश्वासाचं आणि फ्री कोड कॅम्पवर हातात की-बोर्ड घेऊन शिकता येतं, दोन्ही फुकट.

साइट चालू झाली की गूगल सर्च कन्सोलमध्ये नोंदवा, फुकट आहे, लोक काय शोधून आले ते कळतं. आमच्याकडे दिवाळी अंकांची यादी हाच सगळ्यात जास्त उघडला जाणारा भाग निघाला, म्हणून ती पहिल्या पानावर आणली. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की चित्र आणि दोन ओळी दिसाव्यात यासाठी पानाच्या कोडमध्ये ओजी टॅग, म्हणजे शीर्षक, वर्णन आणि चित्र सांगणाऱ्या ओळी, टाका, गावात साइट पसरते ती व्हॉट्सॲपवरूनच. आणि मोठा बदल केला की इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन सेव्ह पेजमध्ये पत्ता टाका, पानाची एक प्रत त्यांच्याकडे राहते, त्यालाही पैसे नाहीत.

डोमेनची पावती संस्थेच्या नावानेच घ्या, खातं उघडताना नावाच्या रकान्यात संस्थेचं नोंदणीकृत नाव टाकलं की पावती तशी येते, आणि ती छापून व्हाउचर फाइलला लावा, कारण वर्षाअखेरीला ऑडिटर हीच मागतात.